बदकांच्या हौदाचं पाणी

सासूबाई गेल्यावर मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, आम्ही वैजापूरकडच्या खेड्यातून बजाजनगरला घेऊन आलो. त्यांनी कपड्यांची एक पिशवी आणली आणि डालग्यात घालून सासूबाईंची दोन बदकं. घोटभर पाणीही न पिता पहिलं काय विचारलं, तर "ह्यांना कुठं ठेवू?"

आमच्या गल्लीत नळाला पाणी कधी येईल, हे ते सोडणाऱ्यालाच ठाऊक. आलं की घरातली वाटीसुद्धा भरून ठेवायची. आणि मामांनी अंगणात विटा रचून, सिमेंट लावून बदकांसाठी हौद बांधला! आमचे हे कंपनीतून आले, हौदाकडे पाहिलं आणि मला आत बोलावून म्हणाले, "उन्हाळा लागायच्या आत बदकं बाजारात गेली पाहिजेत. तूच सांग त्यांना." वा रे वा, बाप यांचा आणि सांगायचं मी! मी काही सांगितलं नाही. पण मामांचे कान शाबूत होते. त्या दिवसापासून ते आणखीच गप्प झाले.

हौदाचं पाणी लवकरच हिरवं, दाट झालं. वास तर असा की नाकाला पदर लावावा. पण ते गटारात ओतायला माझा जीव होईना. मी ते वांग्यांच्या आळ्यांत ओतत गेले, आणि मरगळलेल्या वांग्यांनी अशी उचल खाल्ली की मलाच नवल वाटलं. समोरच्या बाईंनी, सगळी गल्ली त्यांना आपा म्हणते, कुंपणावरून हाक मारली, "वो बदकां का पानी मेरे गुलाबां कू बी देओ ना!" मी बादली भरून दिली. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, म्हणून आपांनी बादलीत तांदूळ धुतलेलं पाणी घालून पाठवलं. ते मामांनी थेट हौदात ओतलं.

मग गल्लीला नादच लागला. कुणी भाजी धुतलेलं पाणी आणायचं, कुणी डाळीचं, आणि जाताना हौदातलं घाण पाणी घेऊन जायचं. नळाच्या पाण्याला हात न लावता हौद भरू लागला. मामा दाराशी खुर्ची टाकून बसत आणि प्रत्येक बादलीत बोटं बुडवून विचारत, "साबन नाय ना?" साबणानं पिसांवरचं तेल निघून जातं, मग बदक भिजतं आणि गारठतं, हे ते येईल त्याला समजावून सांगत. त्यांना इतकं बोलताना पाहून मला फार बरं वाटायचं.

एका रविवारी मामा जरा आडवे झाले होते. यांनी मशीनमधलं कपडे खळबळलेलं पाणी हौदात नेऊन ओतलं. वाईट हेतू नव्हता. पाणी दिसायला नितळ होतं. थोड्या वेळानं मी बाहेर आले तर बदकं मानेपर्यंत पाण्यात गेलेली. माझी हाक ऐकून मामा धावत आले आणि त्यांनी दोघांना बाहेर काढलं. पंख ओल्या चिंध्यांसारखे लोंबत होते, अंग थरथरत होतं.

मुलाकडे त्यांनी पाहिलंही नाही. मला म्हणाले, "सुकली की बाजारात देऊन येतो. तुमच्या घरात उगं तरास."

"तुमच्या घरात" ऐकलं आणि मला भडभडून आलं. यांना चांगलं सुनवावं म्हणून वळले, तर यांचाच चेहरा उतरलेला. हे आत गेले आणि पिण्याच्या पाण्याचा हंडा उचलून घेऊन आले. नळाला पाणी यायला अजून बराच अवकाश होता. मामांसमोर उकिडवे बसून हे तांब्यानं बदकाच्या पाठीवर पाणी घालू लागले.

"अरं, प्यायचं हाय ते," मामा म्हणाले.

"असू द्या, आबा. आईची हायत ती. बाजारात कशाला द्यायची?"

मामांनी बदक दोन्ही हातांनी उलटं धरलं.

"पोटाखाली घाल. साबन तिथं बसलाय."