आबांचा पहिला घोडा

आमच्या खान्देशात लग्नघर ओळखायचं ते भिंतीवरून. मांडव नंतर पडतो. आधी दाराशेजारची भिंत चुन्याने पांढरी होते, तिच्यावर चित्र येतं आणि खाली नवरा-नवरीची नावं. शिरपूरकडच्या कितीतरी गावांत ही चित्रं माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी काढली. आबांचं चित्र म्हणजे हत्ती, तोही एकच. सोंडेपासून शेपटीपर्यंत एका दमात ओढलेली गेरूची रेघ, झुलीला जराशी नीळ, बाकी भिंत मोकळी. हत्तीचं तोंड नेहमी दाराकडे, जणू पाहुण्यांच्या आधी तोच जेवायला निघालाय. असली मोकळी भिंत सोडायला छाती लागते, असं मी येईल त्याला ऐकवत असे.

यंदा माझ्या मुलाचं लग्न ठरलं. धरणगावच्या आमच्या घरावर आबांचा हत्ती येणार हे मी गृहीतच धरलं होतं. आबा आले ते ब्रश न घेता, फोन घेऊन.

हा फोन नातवाने दिलेला, म्हणजे आमच्या नवरदेवानेच. त्यात चित्रं जुळवायचं एक ॲपही त्यानेच घालून दिलं आणि तेव्हापासून आबा पार बिघडले. रोज सकाळी घरच्या ग्रुपवर त्यांचं नवं काम येतं. गुलाब, गुलाबावर चमचमणारं पाणी, दोन मोर, सोनेरी अक्षरांमागे जांभळी सावली आणि कोपऱ्यात उगाच एक समई. ज्या माणसाने जन्मभर भिंत मोकळी सोडली, त्याला आता बोटभर जागा रिकामी दिसली तरी चैन पडत नाही. लग्नाचा फ्लेक्सही त्यांनी तयारच करून आणला होता.

"देख माय, रथ शे! बठ्ठा पांढरा घोडा!" लेकीलाही ते मायच म्हणतात. सगळे घोडे पांढरे म्हणून इतके खूश होते की मला बघवेना.

माझ्या नाकावर राग कायमच असतो, त्या दिवशी तो पार डोक्यात गेला. मी त्यांना गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट ऐकवली. आमच्याच गल्लीत एका दिवशी दोन लग्नं होती. दोन्ही घरांवर एकाच दुकानातले फ्लेक्स, तोच गणपती, तीच फुलं, आणि नवऱ्या इतक्या गोऱ्या केलेल्या की सख्ख्या आईने ओळखू नयेत. बाहेरगावचे पाहुणे नावं कशाला वाचतात? सरळ चुकीच्या मांडवात शिरले. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी हाणून झाली आणि आहेर करायला उठले, तेव्हा कळलं की नवरदेव आपला नाही.

"तुमचा हत्ती असता तर असं झालं असतं का?" मी विचारलं.

"जेवण तं भेटनं ना त्यासले!" आबा म्हणाले.

अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? मी आवाज खाली आणला. "आबा, माले तुम्हना हातना हत्ती पाहिजे. फ्लेक्स नको."

आबांनी फोन बाजूला ठेवला. "हत्ती काढी काढी मी कटायी गऊ." कंटाळले होते म्हणे.

"मंग घोडा का नही काढा कधी?"

"येत नव्हता माय," ते अगदी सहज म्हणाले. "पाय जमेत नहीत. हत्तीले काय, चार खांबा काढात, व्हई गयं."

ज्याला मी छाती म्हणत आले, ती आबांची अडचण होती. लोक घोडा मागायचे, रथ मागायचे, आणि आबा हत्तीवर वेळ मारून न्यायचे. तरीही त्या हत्तीवरचं माझं प्रेम तसूभर कमी झालं नाही, हे सांगितलंच पाहिजे. पण आबांकडे पाहून वाईट वाटलं. माझ्या आवडीपायी मी त्यांना पुन्हा तोच हत्ती काढायला बसवत होते.

"मग आता काढा घोडा," मी म्हटलं. "भिंतीवरच काढा. फोन मी धरते."

ते आधी हसले, मग त्यांनी बाह्या सारल्या. मी स्टुलाशेजारी फोन धरून उभी. ते दोन बोटांनी चित्र मोठं करायचे, घोड्याचा गुडघा कुठे मोडतो ते बघायचे, भिंतीवर रेघ ओढायचे, पुसायचे, पुन्हा फोनमध्ये डोकं घालायचे. माझा हात भरून आला, पण त्यांना सांगायची माझी हिंमत झाली नाही. संध्याकाळी घोडा उभा राहिला. मान झकास, आयाळ झकास, पुढचे पाय बऱ्यापैकी. मागचे पाय मात्र थेट हत्तीचे. गल्लीतली माणसं पोट धरून हसली. आबाही हसले. मला ते चित्र त्यांच्या सगळ्या हत्तींपेक्षा कमी प्रतीचं वाटलं आणि तरी ते पुसावंसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी हळद. अंगणात पाहुणे, मांडवात बायका गाणी म्हणतायत, माझे दोन्ही हात हळदीने भरलेले. आबा गर्दीतून वाट काढत माझ्यापर्यंत आले. उजव्या हातात फोन, डोळे लाल. झोपलेच नव्हते बहुतेक.

"माय," ते कानाशी म्हणाले, "मागला दोन्ही पाय पुसी टाक. आते समजनं माले."

मी हळदीचे हात पदराला पुसले आणि पाहुण्यांना तसंच सोडून चुन्याची बादली आणायला गेले.