मेन स्विचवरचा हात
तापलेल्या धुळीचा वास आला की वणीजवळचं आमचं घर आठवतं. कापसाचे भाव पडले होते. न विकलेला कापूस बैठकीत छतापर्यंत भरलेला, आणि बाबांना तिथंच आजोबांचा जुना रेडिओ लावायचा होता. "अहो, एक ठिणगी उडाली तं सारा कापूस जाईन ना!" आई ओरडली. बाबांनी वायरीत मध्ये बल्ब जोडला. "बल्ब लख्खच राह्यला तं रेडिओत शॉर्ट हाये, लगेच मेन स्विच पाड." आईनं मेन स्विचवर हात ठेवला. बल्ब लख्ख पेटला; मग हळूहळू मंदावला, रेडिओतल्या तापलेल्या धुळीचा वास आला आणि गाणं लागलं. आई हसली, पण स्विचवरचा हात तिनं काढला नाही. आजही मी बल्ब जोडूनच तो रेडिओ लावतो. बल्ब मंदावेपर्यंत नजर मेन स्विचकडे जाते. तिथं आता कोणी नसतं.