उन्हाच्या गाडीचं झाकण

माझं वजन तेव्हा बेचाळीस किलो होतं, आणि सगळा घोटाळा त्या बेचाळीस किलोंनी केला.

नांदेडला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. आमच्या वर्गातल्या काही पोरांनी ठरवलं, उन्हावर चालणारी गाडी बनवायची आणि कॉलेजांच्या शर्यतीत उतरवायची. तीन दिवसांची शर्यत: नांदेड ते लातूर, लातूरहून औसा-किल्लारीवरून उमरगा, तिथून सोलापूर. ठरवणारा मुख्य म्हणजे बिलोलीचा एक पोरगा. आम्ही त्याला कॅप्टन म्हणायचो, कारण तो दुसऱ्या कुणाला बोलूच द्यायचा नाही. त्यानं एक दिवस मला वर्कशॉपच्या फरशीवर पाय पसरून आडवं व्हायला लावलं आणि खडूनं माझ्याभोवती रेघ मारली. म्हणाला, "हलू नको, तूच आमचं माप. तुझ्याइतकं हलकं माणूस अख्ख्या कॉलेजात न्हाई." मला आपली गंमत वाटली. टेलरकडं माप देतात तसं मी गाडीला माप दिलं. त्या रेघेवरून पाइप वाकवले, वेल्डिंग झालं, तीन चाकं बसली. मग लक्षात आलं की त्यात माझ्याशिवाय कुणी मावतच नाही. कॅप्टन बसायला गेला तो गुडघ्यातच अडकला. त्याला दोघांनी उपसून काढला.

झाकण सगळ्यात शेवटी आलं.

झाकण म्हणजे गाडीचा वरचा अख्खा भाग. चटईएवढा लांब-रुंद, त्यावर निळे सोलर सेल चिकटवलेले. मी आत आडवी झाले की चौघांनी ते उचलून माझ्यावर ठेवायचं आणि बाहेरून कड्या लावायच्या. डोक्यापाशी तेवढा ॲक्रिलिकचा फुगा, बाकी मानेपासून खाली अंधार. पहिल्यांदा त्यांनी ते ठेवलं, खटाखट कड्या लावल्या, आणि मी अशी काही किंचाळले की शेजारच्या लॅबमधली पोरं धावत आली. बाहेर काढल्यावर मी कॅप्टनच्या कानाखाली मारायचीच बाकी ठेवली होती.

का ते सांगायला पाहिजे. मी औशाच्या पलीकडच्या एका गावची. भूकंप झाला तेव्हा चौथीत होते. गणपती बुडवून सगळे दमून झोपलेले, आणि पहाटे माळवद खाली आलं. आमच्याकडं घरावर मातीचं धाबं असायचं, दरवर्षी वर नवी माती टाकून टाकून हातभर जाड झालेलं. त्याला माळवद म्हणतात. त्याच्याखालून मला दुपारी काढलं. आई-बाबांना दुसऱ्या दिवशी.

मग लातूरच्या मावशीनं मला नेलं. तेव्हा लातुरात क्लासचं पेव फुटलं होतं. गल्लीगल्लीत पाट्या, आणि गावोगावची पोरं पाठीला दप्तर लावून खोल्या शोधत फिरायची. मावशीनं वरच्या दोन खोल्या पोरींना दिल्या, खाली खानावळ घातली. पोळ्या लाटून लाटून तिचे हात दुखायचे, तोंड मात्र कधी दुखलं नाही. त्या घरात मी मोठी झाले, पण बंद दाराआड कधी झोपले नाही. पुढच्या खोलीचं रस्त्याकडचं दार माझ्यासाठी रात्रभर सताड उघडं, नांदेडहून सुट्टीला गेले तरी तसंच. क्लासमध्येसुद्धा मी दाराजवळच बसायची. सरांनी आवाज येतो म्हणून दार लावलं की उठून उघडायची. त्यांनी माझं नाव द्वारपाल ठेवलं. मी म्हटलं ठेवा, पण दार ठेवा उघडं.

तर आता अशी पोर त्या झाकणाखाली. शर्यतीचा नियम साधा होता: ठरलेल्या थांब्यांशिवाय रस्त्यात झाकण उघडलं की संघ बाद. आत सुटकेची एक दोरी होती, ती ओढली की कड्या निघायच्या. म्हणजे वर्षभर राबलेल्या सगळ्या पोरांचं नशीब माझ्या डाव्या हातात. मी कॅप्टनला सरळ सांगितलं, "माझ्याच्यानं होणार नाही." त्यानं पहिल्यांदाच मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाला, "नको होऊ दे. पण शिकून तर बघ."

विष्णुपुरीच्या धरणाकडच्या रस्त्यावर सराव चालायचा. पहिल्या दिवशी मी झाकण लावताक्षणी दोरी ओढली. दुसऱ्या दिवशीही. आमच्या गाडीवर देखरेख ठेवणारे सर मवाळ माणूस, ते नुसते म्हणायचे, "आज जरा उशिरानं ओढलीस, छान." माझा संताप व्हायचा. मला कुणी कीव केलेली चालत नाही. त्या संतापातच मी एक दिवस चिंचेपर्यंत गेले, एक दिवस पुलापर्यंत. तोंडानं अखंड शिव्या देत.

आणि असंच एका सकाळी, शिव्या देता देता, मी गप्प झाले. कॅप्टन वॉकीटॉकीवर म्हणाला होता, "आता बॅटरीचं बटण बंद कर. बघ बरं." मला वाटलं गाडी थांबेल. थांबली नाही. इंजिन नाही, धूर नाही, आवाज फक्त रस्त्यावर टायर घासल्याचा, आणि मी चालले आहे! उन्हानं चालले आहे! अरे, या उन्हाला आम्ही जन्मभर शिव्या घातलेल्या. उन्हानं विहिरी आटल्या, उन्हानं तुरी करपल्या, उन्हात फिरू नको काळी पडशील. आणि तेच ऊन पाठीला हात लावून मला पुढं ढकलतंय. समोरून ढगाची सावली शेतातून पळत आली, गाडीवरून गेली, तेवढ्यात समोरचा विजेचा काटा खाली आला आणि गाडी मऊ पडली. सावली सरली की पुन्हा उचलली. सूर्य किती लांब आहे हे मी परीक्षेत लिहून मार्क घेतले होते. पण तो माझ्या पायाखालचं चाक फिरवतोय हे मला त्या दिवशी कळलं. डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी मी दोरी ओढली नाही, पण झाकण काढताच उडी मारून बाहेर आले. भीती गेली नव्हती. भीती आणि ते, दोन्ही एकदमच होतं.

शर्यत संक्रांतीनंतरच्या थंडीत निघाली. आदल्या दिवशी मावशी एसटीनं नांदेडला आली, दशम्यांचं गाठोडं घेऊन. सकाळी मला झाकणाखाली घातलं, झेंडा पडला, आणि आमची गाडी रांगायला लागली. दुसऱ्या कॉलेजांच्या गाड्या एकामागून एक पुढं. आकाश लख्ख, ऊन खणखणीत, आणि काटा अर्ध्यावर. मागच्या जीपमध्ये सर, मावशी आणि कॅप्टन. कॅप्टन ओरडतोय, "पाय दे की!" मी ओरडतेय, "तुझं डोंबल! दिलाय पूर्ण!" जितकी गाडी हळू तितका माझा झाकणाखालचा मुक्काम लांबत चालला, आणि घशात माती आल्यासारखं व्हायला लागलं. लोह्याच्या थांब्यापर्यंत मी कशी गेले मला माहीत नाही. झाकण काढल्यावर मी रस्त्याकडेला उकिडवी बसून नुसता श्वास घेत राहिले.

तेवढ्यात कॅप्टनची किंकाळी. "कुणी केलं हे?"

झाकणाच्या मागच्या कडेला, निळ्या सेलवर, तुपात कालवलेल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक. बाजूला हळदीची पाच बोटं.

मावशी जीपमधून उतरली. "म्या केलं. नवी गाडी हाय, पूजा न करता कोरीच काढावी का?"

"मावशी, अहो, हे सेल एका ओळीत जोडल्यालेत! एकावर सावली पडली की अख्खी ओळ मान टाकती!"

"म्हंजी एकाला कुंकू लावलं की बाकीचे रुसतेत?"

सर तोंड फिरवून हसायला लागले. कॅप्टनला हसावं की रडावं कळेना. करायला गेलो गणपती अन् झाला मारुती, अशी गत. मावशीनं मात्र काही वाईट वाटून घेतलं नाही. पदर ओला करून स्वस्तिक पुसलं, सेल लखलखीत केले, आणि उरलेलं कुंकू जीपच्या बॉनेटला लावून टाकलं. त्यानंतर गाडी जी उठली! अहमदपूरपर्यंत आम्ही दोन गाड्यांना मागं टाकलं. रस्त्याकडेला पोरं धावत होती, तूर भरून चाललेल्या बैलगाड्या थांबत होत्या, आणि मला हसू आवरत नव्हतं. संध्याकाळी लातुरात पोचलो तेव्हा खानावळीतल्या पोरी क्लास बुडवून बघायला आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी औसा गेलं, लामजना गेलं, आणि पुढं माझा मुलूख लागला. मी लहानपणानंतर त्या रस्त्यानं आले नव्हते. मावशीनं कधी आणलं नाही, मी कधी म्हटलं नाही. कॅप्टननं सकाळीच विचारलं होतं, "तिकडनं जाताना मी तुझ्याशी बोलत राहू का?" मी म्हटलं, "तू बोलत नसतोस तेव्हा कळव, ती बातमी होईल."

पण त्या दिवशी आभाळ आलं. काटा खाली, खाली, बॅटरीही संपत आली, आणि गाडी थांबली. कुठं थांबावी? डाव्या हाताला आमच्या जुन्या गावाची जागा. बाभळी, आणि बाभळीत दगडांचे ढीग. लोक पलीकडं नव्या गावात गेलेले. इथं कुणी नाही. आमच्या घराचा ढीग कुठला, ते मला ओळखू येईना.

रस्त्यात थांबायला बंदी नव्हती. झाकण लावून उन्हाची वाट बघायची, एवढंच. एवढंच! चालत्या गाडीत निदान काहीतरी करायला असतं. आता नुसतं पडून राहायचं, बंद, आणि ते सुद्धा इथं. दोरी मुठीत घट्ट धरली.

वॉकीटॉकीच्या सेटवर सरांचा आवाज आला. "उघडायचं असेल तर उघड, बाळ. शर्यत गेली खड्ड्यात." मागून कॅप्टन. त्याचा आवाज चिरकला होता, पण म्हणाला, "हाव. उघड. मी कुणाला काही बोलू देणार न्हाई."

मी म्हटलं, "थांबा जरा."

का म्हटलं ते आजही नीट सांगता येत नाही. इथून एकदा मला दुसऱ्यांनी बाहेर काढलं होतं. या वेळी मी माझ्या मर्जीनं थांबले होते, हे एकदम जाणवलं. मी फुग्यातून बघत राहिले. लांब ढगाला भोक पडलं आणि उन्हाचा एक तुकडा शेतात उतरला. तो हलत हलत आला. हरभऱ्यावरून आला, बाभळींवरून आला, त्या दगडांवरून आला. एकेक ढीग उजळत गेला, काही न वगळता. आमचंही घर त्यात असणारच. मी इतकी थक्क होऊन बघत होते की भ्यायचं राहून गेलं. मग तो रस्त्यावर चढला आणि माझ्यावर आला. काटा जरासा हलला. थंडीत अंगावर ती ऊब. आई गं, काय ऊब होती ती.

त्यानंतरचं मला आठवतं ते झाकणावर पडणाऱ्या थापा. कॅप्टन रडकुंडीला येऊन माझं नाव घेतोय, सर कड्यांना हात घालतायत, मावशी रस्त्यातून पळत येतेय, तिच्या चपला कुठल्या कुठं.

"खबरदार!" मी आतून ओरडले. "हात लावाल तर बघा! उघडू नका!"

"अगं मग बोलत का न्हाईस? किती हाका मारून राहिलो! बेशुद्ध पडली वाटलं!"

"झोपले होते!"

कॅप्टन फुग्यातून माझ्याकडं बघत राहिला. तेवढ्यात मावशीनं त्याच्या हातातला सेट हिसकावला. ती माझ्यापासून हातभर लांब उभी होती, तरी सेटवरच बोलली.

"झोपली व्हतीस?"

"हाव."

"आत? बंद करून?"

"हाव, मावशी. बंद करून."

बाहेर ती पदर तोंडाला लावून रस्त्यातच खाली बसली. मग सेटवर आवाज आला, "बरं झालं माय. आता म्या बी दार लावून आत झोपीन."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. माझ्यासाठी दार उघडं, वर लोकांच्या पोरी. म्हणून इतकी वर्षं मावशी राखणीला उंबऱ्यात आडवी पडत होती. मी कधी विचारलं तर म्हणायची, आत लई उकडतंय. ऐन थंडीतसुद्धा हेच म्हणायची, आणि मला ते खरं वाटायचं.