मामांचा दोर माझ्या हातात होता

गेल्या रविवारी टेंभुर्णीला माहेरी गेले होते. जालन्याहून निघताना ठरवलं होतं, मस्त जेवायचं आणि दुपारी ताणून द्यायची... आणि अकरा वाजता मी मळ्यातल्या विहिरीच्या काठावर उभी राहून बोंबलत होते.

झालं असं, विहिरीतला गाळ काढायचा होता. लाईट नव्हती, म्हणून धाकट्या भावानं, नितीननं, पाणी उपसायला डिझेल इंजिन आतल्या कपारीवर उतरवलं. आमच्याकडे सर्रास करतात हे. तासाभरानं तो इंजिन बंद करायला खाली गेला, बंद केलं आणि कपारीवरून घसरून तळाशी कोसळला. वरून दिसत होता... चिखलात, भिंतीला टेकून, मान खाली.

मी याच विहिरीत पोहायला शिकलेय. चप्पल काढली, ओढणी फेकली आणि पायऱ्यांकडे धावले. तेवढ्यात मागून कुणीतरी वेणी धरून असं खेचलं की मी धपकन खाली बसलेच!

गंगाराम मामा. शेजारच्या मळ्यातले, जन्मभर विहिरी खोदलेला माणूस. नातं काही नाही, अख्खं गाव मामा म्हणतं म्हणून आमचेही मामा.

मी तोंडाची फटकळ. त्यांना काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. ते शांत... "माय, आत हवा न्हाई. तू गेली तर मंग दोघांना काढावं लागंल."

त्यांनी दोरीला पेटता कंदील बांधून खाली सोडला. निम्म्यात गेला आणि विझला. माझ्यामागून उतरायला निघालेले दोघं-तिघं मुकाट्यानं मागे सरले.

मग मामांनी भराभर कडुलिंबाच्या फांद्या तोडायला लावल्या. त्यांचा भारा दोराला बांधून विहिरीत वर-खाली, वर-खाली... तळाची घाण हवा हलावी म्हणून. कुणी पाटातलं पाणी बादल्यांनी वरून ओतत होतं. माझा भाऊ मरतोय आणि हे झाडू मारतायत, असं वाटून माझं डोकं फिरलं होतं.

दुसऱ्यांदा सोडलेला कंदील तळापर्यंत जळत राहिला. "आता तरी उतरा की!" मी ओरडले. मामा छातीला दोर बांधत म्हणाले, "कंदिलाला समदंच कळतं असं न्हाई. इंजिनाच्या धुराचा भरोसा नसतो."

हे बोलत होते आणि उतरायची तयारी करत होते! अहो, दिवा जळत असला तरी धुराचं विष आत असू शकतं, हा त्या वाक्याचा अर्थसुद्धा मला तेव्हा शिरला नाही डोक्यात.

नितीनसाठी एक दोर वेगळा घेतला. स्वतःच्या दोराचं टोक त्यांनी माझ्या हातात दिलं, माझ्यामागे चार गडी उभे केले. "मला हाका मारत ऱ्हा. मी 'हो' न्हाई म्हणलो, की मला जल्दी वर घ्यायचं. त्याला बांधलेलं असो का नसो. बिलकुल इचार करायचा न्हाई."

मी मान डोलावली.

"मामा!" "हो." "मामा!" "हो." तळाशी पोचले, वाकले, नितीनच्या काखेतून दोर घातला. "मामा!" "हो..." आवाज बारीक झाला. "मामा!"... काहीच नाही.

इथं खरं सांगते. मी ओढलं नाही.

मामांचे हात अजून नितीनच्या छातीपाशी होते. गाठ बसली की नाही, दिसत नव्हतं. मला वाटलं, अजून जरासं... एवढी गाठ बसू दे... मागचे गडी विचारत होते, "ओढायचं का ताई?" आणि मी गप्प. किती वेळ कोण जाणे. मग माझी मलाच भीती वाटली आणि मी किंचाळले, "ओढा!"

मामा वर आले ते नुसतं ओझं होऊन. डोळे अर्धवट मिटलेले, ओठ काळे. उपडं-उताणं करून, छाती चोळून कसाबसा त्यांचा श्वास सुरू झाला. आणि नितीनचा दोर ओढला तर तो ताणला गेला... गाठ पक्की बसली होती, तोही वर आला! दोघांना जीपमध्ये आडवं घालून आम्ही जालना गाठलं.

तिसऱ्या दिवशी नितीन दवाखान्यातलं वरण अळणी आहे म्हणून कुरकुरला, तेव्हा कुठं मी रडले. मग उठून शेजारच्या कॉटवर मामांपाशी जाऊन बसले.

"मामा, त्या दिवशी मी थांबले होते."

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "तुझ्या हाका ऐकू येत होत्या मला. तोंड उघडत नव्हतं."

म्हटलं, मग राग नाही आला माझा?

"तू उशिरा का व्हईना, ओढलं. माझ्या संगतीचा एक गडी असाच आत गेल्ता. त्याचा दोर माझ्या हातात व्हता." त्या गड्याचं पुढे काय झालं, हे मी एवढी बडबडी असूनही मला विचारवलं नाही.

एवढं सगळं माहीत असलेला माणूस माझ्या भावासाठी आत उतरला... मी पाया पडायला वाकले तर त्यांनी पाय मागे घेतले. म्हणून मामा, इथं सगळ्यांसमोर वाकते.