सीनूच्या विमानाचा रोल

जॉयस्टिक खराब नव्हती. सीनूचा हात निकामी होत होता.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. इतके दिवस इथे काहीच लिहिलं नाही. आज लिहिते.

जे त्याला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. सीनू म्हणजे श्रीनिवास, माझा नवरा. चेन्नईत वाढलेला, मूळ तंजावरकडच्या मराठी घरातला. गुम्मिडिपूंडीच्या एका फॅक्टरीत इंजिनिअर.

मी पुण्याची. पहिल्या भेटीत त्याची मराठी ऐकून मला हसू आवरेना.

तो म्हणाला, "हसा, हसा. आमची मराठी तीनशे वर्षं फ्रीजमध्ये होती."

तिथेच मी हो म्हणून टाकलं.

रविवार म्हणजे त्याचा विमानाचा गेम. जाडजूड मॉनिटर, सीडीवरून टाकलेला गेम आणि काळी जॉयस्टिक.

शत्रूची विमानं पाडण्यात त्याला काडीचा रस नव्हता. तो नुसते रोल मारायचा.

रोल म्हणजे उडता उडता विमान स्वतःभोवती पूर्ण फिरवायचं. समुद्र डोक्यावर, आकाश पायाखाली, आणि परत सरळ.

"फिरवायला कोणालाही येतं, मेधा. बाहेर येताना पंख सरळ पाहिजेत."

त्याचे असायचे. पोट पाण्याला घासेल इतकं खाली उतरून मारला तरी.

मला त्या गेमचा भयंकर कंटाळा. भाजी चिरता चिरता मी ओरडायचे, "पायलटसाहेब, खाली उतरा. पानं घेतली आहेत."

मग त्याचं विमान पडायला लागलं.

रोल पूर्ण व्हायचा, पण उजवा पंख कललेलाच राहायचा. आणि धाडकन समुद्रात.

"स्टिक गेली," तो म्हणाला.

आम्ही रिची स्ट्रीटला गेलो, जिथून घेतली होती त्याच दुकानात. दुकानदाराने ती स्वतःच्या कॉम्प्युटरला लावली, झकास रोल मारून दाखवला.

"स्टिक ओके, सार."

सीनूने हातात घेतली. विमान समुद्रात.

परत घेतली. परत समुद्रात.

दुकानदार हसला. "प्रॅक्टिस वेणुम, सार." प्रॅक्टिस पाहिजे म्हणे. सीनूही हसला.

मी स्क्रीनकडे बघतच नव्हते. त्याच्या हाताकडे बघत होते. अंगठा आत वळला होता, आणि त्याला ते कळत नव्हतं.

एग्मोरच्या डॉक्टरांनी स्कॅन करायला लावला.

मेंदूत गाठ. डाव्या बाजूला.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आला तेव्हा त्याचं इंग्लिश गेलं होतं. तमिळ अडखळत होतं. मी पलंगाची कड धरून उभी. मराठीही गेली असेल तर आम्ही बोलणार कशात?

त्याने माझ्याकडे बघितलं.

"मेधा. घरीं जाऊं."

घरची मराठी तेवढी राहिली होती.

हात मात्र परत आला नाही.

घरी आल्यावर काही दिवसांनी तो मॉनिटरसमोर जाऊन बसला. स्टिक उजव्या हाताच्या आकाराची. डाव्या हातात बसेना. बराच वेळ खटपट केली, मग माझ्याकडे सरकवली.

"तूं."

"मला नाही येत रे."

"मी सांगतों."

मग रोज दुपारी आमचं तेच. तो शेजारी, माझा हात स्टिकवर.

"नाक वर. थोडं. आतां डावीकडे. सोडू नक्को. सोडू नक्को, मेधा!"

मी सोडायचे. समुद्र डोक्यावर आला की माझे डोळेच मिटायचे.

एकदा तो फार चिडला. काहीतरी सांगायचं होतं, शब्द सापडेना. डावा हात टेबलावर आपटला आणि रडायला लागला. मी त्याला तोपर्यंत कधी रडताना बघितलं नव्हतं.

अम्मा, माझ्या सासूबाई, आतून धावत आल्या. "पोदुम, कण्णा. पुरे. बंद कर ते."

"नक्को," तो म्हणाला. "हिला येईल."

आणि आला.

एका दुपारी मी विमान पूर्ण फिरवलं आणि पंख सरळ ठेवून बाहेर आणलं. मलाच खरं वाटेना.

सासरे मागे कॉफीचा टंबलर घेऊन उभे होते. अप्पा त्या गेमला कायम पोरखेळ म्हणायचे. ते म्हणाले, "परत दाखव."

मी परत मारला. सीनू खुर्चीत मागे रेलून बघत होता. "अजून एक." मग "अजून." अर्धा चेहरा हलत नव्हता, तरी तोंडभर हसत होता.

मला वाटलं, बरा होतोय. आईला पुण्याला फोन करून तसं सांगितलंसुद्धा.

गाठ परत आली. या वेळी डॉक्टरांनी ऑपरेशनचं नाव काढलं नाही.

सकाळची वेळ होती. अम्मा त्याच्या पायांना तेल लावत होत्या. मी उशी नीट करत होते. त्याने एक मोठा श्वास घेतला. आम्ही दोघी पुढच्या श्वासाची वाट बघत राहिलो.

अस्थी घेऊन चेन्नईजवळच्या कोवलमला गेलो. मासेमाराची छोटी बोट, लाटा मोठ्या. माझा तोल गेला तेव्हा अप्पांनी दंड घट्ट धरला. एरवी माझ्याशी ते कामापुरतंच बोलायचे.

"पुण्याला जायचं असलं तर जा, मा. आम्ही अडवणार नाही," ते म्हणाले. "राहिलीस तर आम्हांला बरं वाटेल."

मी राहिले.

आज वर्षश्राद्ध झालं. सगळे गेल्यावर अम्मा माझ्याजवळ येऊन बसल्या.

"शेवटी शेवटी तो दुपारी इतका कशाला हसायचा, मा? मला तेव्हां कळलंच नाहीं."

मी सांगायला लागले. त्याचा हात गेला होता, पण त्याचा रोल माझ्या हातून पुरा व्हायचा, एवढं म्हणाले आणि रडू फुटलं. त्यांनी मला जवळ ओढलं. पुढचं सांगायचं राहून गेलं.

सीनू, नीट जा रे.

अम्मा, अप्पा आणि तुझ्या मेधाकडून तुला भरल्या डोळ्यांनी नमस्कार.