टीव्हीची संत आणि वसईच्या मावशी

वसईच्या मावशी रिमोट हातात घेण्याआधी कपाळावर क्रूस काढत. सिंगापूरमध्ये पुंगोलला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये त्या लेकीकडे राहायला आल्या होत्या. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला वाटलं, आज मालिकेत कोणीतरी जाणार. मावशींनी खुलासा केला, की इटलीतल्या संत क्लाराला आजारपणात पडल्या पडल्या भिंतीवर चर्चमधली अख्खी मिस्सा, म्हणजे सगळा प्रार्थनाविधी, दिसली होती, म्हणून पुढे एका पोपने तिला टीव्हीची संत करून टाकलं.

क्लारा आठशे वर्षांपूर्वीची, पण मावशी तिच्याविषयी गल्लीतल्या मैत्रिणीसारखं बोलत. "आमची क्लारा भारी हट्टी," म्हणत. श्रीमंताघरची पोर अठराव्या वर्षी घर सोडून गेली, केस कापून घेतले आणि मालकीचं काहीच न ठेवणाऱ्या बायकांचा संघ काढला. त्या नियमाला पोपची संमती मिळवायला आयुष्यभर भांडली. ती संमती हातात पडली तेव्हा बाई मरणाला टेकलेली. माझी सहा वर्षांची ईरा हे ऐकता ऐकता भेंडीसुद्धा खाऊन टाकी.

ईराची लाडकी गोष्ट क्लाराच्या धाकट्या बहिणीची. तीही पळून बहिणीकडे गेली. काका बारा शिपाई घेऊन तिला उचलून न्यायला आला, तर ती अशी जड झाली की बारा जणांना हलेना. ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकमध्ये, पोरांना घेऊन याचं नाटक बसवायचं मावशींनी ठरवलं. काही आयांनी कुरकुर केली, की आपल्या मुलांना हे कशाला. मी अवघडून गेले. मावशी म्हणाल्या, "असा काका तर सगळ्यांच्याच घरात असतो." दुसऱ्या दिवशी सगळी पोरं तालमीला हजर.

शिपाई सहाच मिळाले, पण तेही जास्त झाले. बहीण झालेली ईरा म्हणजे काडी. दर तालमीत ते तिला अलगद उचलून लिफ्टपर्यंत नेत. "आजी, कॅनॉट ला, जमतच नाही," ती रडकुंडीला आली. मावशींनी तिला जवळ घेतलं. "अंगाचं सोड. मला जायचं नाही, एवढंच मनात धर."

नाटकाच्या दिवशी ईरा डोळे मिटून बसली. शिपाई पुढे सरसावले आणि काकाला शिंक आली. दाढी उडून थेट एका शिपायाच्या डोक्यावर. तो हसला, मग दुसरा, मग सहाही. हसणाऱ्याच्या हातात कुठला आलाय जोर? दंडाला धरून ओढत होते आणि एकेक करून फरशीवर लोळत होते. ईरा जागची हलली नाही. मावशी इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. "तेव्हाही असंच झालं असणार," डोळे पुसत त्या म्हणाल्या.

पुढच्या वर्षी मावशींना आजाराने धरलं, तेव्हा हट्टाने वसईला परत गेल्या. शेवटचा फोन तिथून आला. आवाज अगदी बारीक झाला होता. म्हणाल्या, क्लाराने जाताना देवाचे आभार मानले होते, मला घडवलंस म्हणून. "मी आत्ताच मानून ठेवलेत. ऐनवेळी राहून जायला नको. आता ईराला दे."

ईरा फोन घेऊन खोलीत गेली. बाहेर मला नुसतं तिचं खिदळणं ऐकू येत होतं. चार दिवसांनी मावशी गेल्या.

आजी काय म्हणाल्या, हे मी ईराला अजून अधूनमधून विचारते. ती सांगायला सुरुवात करते, पण हसूच आवरत नाही तिला.