हानबाईंचा ‘आम्ही’

हानबाईंना मी खुर्चीत बसलेलं कधी पाहिलंच नव्हतं. त्यांच्या केबिनमध्ये चांगली चामड्याची खुर्ची होती, पण तिच्यावर कायम त्यांची पर्स बसलेली असायची. बाई स्वतः सपाता घालून खोलीभर येरझाऱ्या घालत, उभ्याउभ्याच डब्यातला किम्बाप, म्हणजे गुंडाळलेल्या भाताच्या चकत्या, तोंडात टाकत आणि आम्ही लिहिलेला मजकूर आमच्याकडून मोठ्यानं वाचून घेत. वाक्य आवडलं नाही की मार्कर उचलून फराटा! आडनाव कोरियन, ‘हान’. आपल्याकडे असतं तर लोकांनी त्याचं पहिल्याच दिवशी ‘हाण’ केलं असतं. इंग्रजीत सगळेच ‘यू’, तरी मनात मी त्यांना अहो-जाहोच करायचे.

आमचं उपनगर डॅलसच्या उत्तरेला. तिथल्या सिटी हॉलच्या जनसंपर्क विभागाच्या त्या प्रमुख आणि लग्न करून नागपूरहून इकडे आलेली मी त्यांच्या हाताखाली. रस्ता बंद आहे, वादळ येतंय, कचऱ्याची गाडी उद्या येईल, असल्या सूचना आम्ही काढायचो. त्याआधी बाईंनी अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या निवडणुकांत घालवलं होतं. भाषणं यांनी लिहायची, टाळ्या त्यांनी घ्यायच्या. "आपल्यासारख्यांना हे लोक दार उघडायला बोलावतात," त्या म्हणायच्या, "आत या कुणी म्हणत नाही."

आता मात्र दार किलकिलं झालं होतं. मेयर राज्याच्या निवडणुकीला उभे राहणार होते आणि हानबाईंना सोबत राजधानीत, ऑस्टिनला नेणार होते. बाईंना ते मनापासून हवं होतं. पायाला भिंगरी होतीच, आता तिला मोटर बसली. चालता चालता फोन, फोनवर भांडण, भांडता भांडता माझ्या ड्राफ्टवर फराटा. त्यांच्याकडे बघून मलाच दम लागायचा.

प्रत्येक ड्राफ्टवर त्यांचा प्रश्न एकच. "हे कोण बोलतंय?" त्यांच्या आईचं विगचं दुकान होतं. सरकारी कागद आला की शाळकरी हानबाई तो आईला कोरियनमध्ये सांगायच्या. ‘असे आढळून आले आहे’, ‘निर्णय घेण्यात आला आहे’. आई वैतागायची, "अगं, पण हे कोण बोलतंय?" पोरीकडे उत्तर नसायचं. "त्या प्रश्नानंच मला या धंद्यात ओढलं," बाई सांगायच्या.

मग एका उन्हाळ्यात गावाचं पाणी बिघडलं. दिसायला स्वच्छ, पण तपासणीत जंतू निघाले. ‘पाणी उकळून प्या’ ही सूचना हानबाईंनी सकाळीच तयार केली. पण त्या दिवशी मेयरच्या हस्ते नव्या पार्कचं उद्घाटन होतं. "समारंभ होऊ दे, मग काढा," असा वरून निरोप आला. बाईंनी आदळआपट केली, पण सूचना निघाली ती दुपार उलटल्यावर. तोवर गाव ते पाणी पिऊन मोकळं झालं होतं. नागपूरहून आमच्याकडे आलेल्या माझ्या सासूबाईसुद्धा. त्यांचे पुढचे दोन दिवस बाथरूममध्येच गेले.

त्यानंतर मेयरचं निवेदन आलं. ‘वी कुड हॅव डन बेटर.’ छान, गुळगुळीत. गावात मुलांकडे आलेले, इंग्रजी न येणारे आईवडील पुष्कळ, म्हणून ते सगळ्यांच्या भाषेत काढायचं हा हानबाईंचा हट्ट. मराठी माझ्याकडे. आणि मी पहिल्याच शब्दाला अडले.

केबिनमध्ये जाऊन म्हटलं, "यातला ‘वी’ कुठला? मराठीत दोन आहेत. ‘आम्ही’ म्हटलं तर बोलणारे चुकले. ‘आपण’ म्हटलं तर ऐकणाराही त्यात आला. ‘आपण कमी पडलो’ असं लिहिलं, तर माझ्या सासूबाईही कमी पडल्या की हो!"

बाई चालायच्या थांबल्या. "आमच्यातही आहे," त्या हळू म्हणाल्या. "‘उरी’ म्हणजे सगळे मिळून. ‘जोही’ म्हणजे फक्त आम्ही, तेही मान खाली घालून." मग त्यांनी पर्स उचलून जमिनीवर ठेवली आणि चक्क खुर्चीत बसल्या.

"मेयरना ‘उरी’ हवंय," त्या म्हणाल्या. "आणि मला ऑस्टिन हवंय."

थोड्या वेळानं त्या उठल्या, सपाता काढून बूट घातले आणि मेयरकडे गेल्या. परत आल्या त्या तोंड पाडून. "साधा ‘वी’ तर आहे, असं म्हणाला."

पत्रकार परिषदेत मेयरनी तो साधा ‘वी’च वाचला. एका वार्ताहर मुलीनं विचारलं, "वी म्हणजे कोण?" मेयर हसून हानबाईंकडे वळले. असले प्रश्न निस्तरायलाच तर बाई होत्या. त्या माइकपाशी गेल्या आणि त्यांनी मान खाली घातली.

"मेयरचं ऑफिस आणि मी," त्या म्हणाल्या. "आम्हाला सकाळीच माहीत होतं. तुम्हाला नव्हतं."

त्या एका उत्तरात ऑस्टिन गेलं आणि आठवडा संपायच्या आत नोकरीही गेली.

निरोपाचा केक आला. कार्डावर ‘वी विल मिस यू’ असं छापलेलं. बाईंनी ते वाचून माझ्याकडे बघत नुसती भुवई उडवली. मला हसू आवरेना आणि रडूही.

पार्किंगमध्ये ऊन मी म्हणत होतं. बाईंच्या एका हातात पर्स, दुसऱ्या हातात सपाता. मला राग आला होता, मेयरचा, त्या केकचा, बाईंचासुद्धा. एवढं काय अडलं होतं हो! त्या तिरमिरीतच मी विचारलं, "व्हॉट डू वी डू नाऊ?"

"कुठला वी?" गाडीच्या दाराला टेकून त्यांनी विचारलं.

माझी नोकरी शाबूत होती. नवऱ्याचं ग्रीन कार्ड रांगेत, घराचे हप्ते चालू. बाईंना हे सगळं ठाऊक होतं, म्हणूनच त्या उत्तराची वाट बघत उन्हात थांबल्या होत्या. मला सासूबाईंचा पांढराफटक चेहरा आठवला.

"आपण," मी मराठीतच म्हटलं.

बाईंना तो शब्द बरोबर कळला. त्यांनी पर्स आणि सपाता मागच्या सीटवर फेकल्या, गाडीत बसल्या आणि माझ्या बाजूचं दार आतून उघडलं.

"मग बस," त्या म्हणाल्या. "मेयरची जागा रिकामी होतेय, आणि मला उभं राहायचंय."